मालकाच्या मापाची पेटी

दचकू नका, मित्रांनो. मी एक शवपेटी आहे, आणि जुनी आहे. जुनी शवपेटी तुम्ही कधी पाहिली नसेल, कारण आमच्या जातीला म्हातारपण नसतेच. सकाळी सुताराकडे खिळे ठोकून घ्यायचे आणि संध्याकाळी कोणाला तरी पोटाशी धरून मातीत जायचे, एवढेच आमचे आयुष्य. मी मात्र अजून मातीच्या वर आहे. चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे मोडकी बाके, एक शिडी आणि रंगाचे सुकलेले डबे यांच्या शेजारी मी पडून असते. माझे झाकण एका बाजूने फुगले आहे. पॉलिश तर केव्हाच उडाले. एके काळी माझ्यात बघून माणसे केस सारखे करीत, हे सांगूनही कोणाला पटणार नाही.

मला घडवणारा सुतार हाताचा साफ आणि तोंडाचा फटकळ होता. एके दिवशी त्याच्याकडे एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस आला. त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. चौकातली बेकरी त्याची. चर्चच्या पंचांमध्ये त्याचा शब्द शेवटचा असे. शवपेटी करायची आहे, उत्तम लाकडाची, असे त्याने सांगितले. सुताराने हातातला रंधा खाली ठेवला, चेहरा पडेल केला आणि मापे कुठे घ्यायला येऊ, असे हळू आवाजात विचारले.

"कुठे यायला नको. मापाला मीच आलोय," तो म्हणाला.

झाले होते असे की, त्याच आठवड्यात चर्चचे गाणे शिकवणारे मास्तर उपासनेत गाता गाता मटकन खाली बसले, ते उठलेच नाहीत. घरी त्यांचे ताट झाकून ठेवलेले होते. बेकरीवाला पहिल्या बाकावर बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर हे घडले आणि तो हादरला. असे बेसावध जायचे नाही, असे त्याने ठरवले. देवासमोर उभे राहायचे तर सगळी तयारी करूनच.

तो सुताराच्या लाकडी माचावर उताणा झोपला. सुताराने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतले, खांद्यांचे घेतले, आणि म्हणाला की या वस्तूचा रंग मालकाने पसंत करायचा असतो, हे त्याला आजच कळले. बेकरीवाला हसला नाही. गडद रंग द्या, म्हणाला.

अशी मी जन्मले. पितळी कड्या, आत पांढरे अस्तर, झाकणावर कोरलेला साधा क्रूस. बेकरीच्या वरच्या मजल्यावर मालकाचे घर होते. रस्त्याकडे खिडकी असलेल्या त्याच्या झोपायच्या खोलीत दोन घडवंच्यांवर मला ठेवले. खालून भट्टीची ऊब यायची, ताज्या पावाचा वास यायचा. खरे सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते.

मालक घरात एकटाच होता. त्याची बायको पूर्वीच वारली होती. त्याला एकुलती एक मुलगी. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि दोन गल्ल्या सोडून राहत होती. पण ती या घराची पायरी चढत नसे. का, ते मला हळूहळू, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. आई गेली तेव्हा मुलगी कामावर होती. वॉर्ड भरलेला होता, तिच्या जागी थांबायला कोणी नव्हते. ती धावत घरी पोचली तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. दफनाच्या वेळी, सगळ्या मंडळीसमोर, कबरीच्या काठावर उभे राहून बाप म्हणाला होता की बायको गेली तशी मुलगीही गेली, दोघींना आजच माती देतो. त्या दिवसापासून त्यांचा अबोला. पुढे तिने दवाखान्यातल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी लग्न केले. त्याच चर्चमध्ये केले. बाप त्या दिवशी बेकरीत पाव भाजत बसला.

मालकाने तयारी मात्र जोरात केली. कबरीची जागा ठरवली. दगड कोरून घेतला, फक्त मरणाची तारीख कोरायची बाकी ठेवली. कोणती गीते गायची, कोणी खांदा द्यायचा, सगळे पाळकांना सांगून ठेवले. दर शनिवारी तो मऊ फडक्याने मला पुसायचा. लोक मला बघायला येत. रविवारच्या शाळेची मुले रांगेने जिना चढून यायची. मालक माझ्या झाकणावर हात ठेवून त्यांना सांगायचा की मरण सांगून येत नाही, शहाण्या माणसाने नेहमी तयार असावे. मुले भीत भीत मला बोट लावायची. मोठी माणसे जिना उतरताना म्हणत, "काय श्रद्धा आहे! याला म्हणतात तयारी." बाजारात टवाळ पोरे त्याला 'पेटीवाले काका' म्हणत, पण तेसुद्धा त्याला आवडायचे.

मित्रांनो, स्तुती कोणाला नको असते? मीही फुलून गेले. वाटायचे, या भल्या माणसाला कुशीत घेऊन मी एक दिवस शांतपणे मातीत जाईन. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली होती. मी खोलीत आल्यापासून मालकाची मरणाची भीती गेली होती. आधी वाटले, हा विश्वास असेल. विश्वास नव्हता तो. मी घरात आहे म्हटल्यावर मरणसुद्धा आपल्याला विचारूनच येईल, असे काहीसे त्याला वाटू लागले होते. छत्री घेऊन निघालेल्या माणसाने आभाळाकडे बघू नये, तसे.

पाळक कधीकधी वर येत. ते बारीक चणीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहून मालकाला विचारले, "पेटी झाली. दगड झाला. आत काही आवरायचं राहिलंय का?"

मालकाने माझ्या कडीवरचा डाग बोटाने पुसला. मग म्हणाला, "राहिलंय एक. जाऊन येईन तिच्याकडे."

"केव्हा?"

"थंडी जरा ओसरू दे."

थंडी ओसरली. मग उन्हाळा फार होता. मग भट्टीची वीट खचली आणि नवी भट्टी बांधायला काढली. मग गुडघा दुखत होता. पाळक विचारत राहिले आणि मालक सांगत राहिला. दोन गल्ल्यांचे अंतर, पण त्याच्याने ते कापवेना.

मग तापाची साथ आली. तेव्हा तुम्ही जन्मला नसाल. घरोघर माणसे पडली. चर्चची घंटा रोज वाजू लागली, आणि पुढे पुढे तर वाजवणाराच आजारी पडला म्हणून थांबली. सुताराकडचे लाकूड संपले. जुन्या दारांच्या फळ्या काढून त्याने काही पेट्या केल्या, आणि मग तोही अंथरुणाला खिळला. माणसांना चादरीत गुंडाळून पुरू लागले.

एका दुपारी जिन्यावर पावले वाजली. मुलगी दारात उभी राहिली. अंगावर दवाखान्याचा पांढरा पोशाख होता, चुरगळलेला. तोंडावर बांधलेले फडके तिने गळ्यात ओढले होते. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. खांदे बापासारखेच रुंद होते. तिने खोलीत पाऊल टाकले नाही. तिचा नवरा पहाटे वारला होता. साथ सुरू झाल्यापासून तो रुग्णवाहिकेतून तापाची माणसे वाहत होता, आणि शेवटी त्याच गाडीतून त्यालाही आणावे लागले. हे तिने सरळ, हिशेबी आवाजात सांगितले. वॉर्डात डॉक्टरांना सांगतात तसे.

मग म्हणाली, "पप्पा, ही पेटी द्या."

मालक खुर्चीतून उठला. एक हात त्याने माझ्या झाकणावर ठेवला. माझे लाकूड त्या हाताखाली शहारले. वाटले, आता हा कड्यांना हात घालेल आणि हाक मारून खालून माणसे बोलावेल.

"ही माझ्या मापाची आहे," तो म्हणाला.

"तो तुमच्याहून बुटका होता. बसेल."

"बसेल गं. पण मग माझं काय?"

मुलीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्य होते. "तुम्ही तर जिवंत आहात," ती म्हणाली.

त्याचा हात झाकणावरून हलला नाही. ती वळली. ती अर्ध्या जिन्यात असताना तो दारापाशी गेला आणि म्हणाला, "मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन." ती मागे वळली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी रुग्णवाहिका बेकरीसमोरून दफनभूमीकडे गेली. पुढे पाळक चालत होते, मागे मुलगी. गाडीची मागची दारे नीट लागत नव्हती. आतली पांढरी चादर खिडकीतून दिसत होती. मालक खिडकीत उभा होता. गाडी वळणाआड गेली तरी उभाच होता. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "द्यायला हवी होती."

असे तो पुढे कितीतरी वेळा म्हणाला. साथ ओसरली. लोक पुन्हा मला बघायला येऊ लागले, पण त्याने त्यांना वर आणणे बंद केले. रविवारच्या शाळेची मुले यायची थांबली. शनिवारचे फडके मात्र चालूच राहिले. पुसता पुसता तो माझ्याशी बोलायचा. एकदा म्हणाला, "तिच्याकडे जातो. पाया पडतो पोरीच्या. आणि पाळकांना सांगतो, मलाही चादरीतच पुरा. त्याला जे मिळालं तेच मला. ही पेटी कोणा गरिबाला द्या." बोलताना त्याचा आवाज फुटत होता. त्याला घेऊन मातीत जायची माझी संधी हुकत होती, तरी मला आनंद झाला. वाटले, अखेर हा माणूस तयार झाला.

पण थोड्या वेळाने त्याने नाक शिंकरले, फडके घडी केले आणि स्वतःशीच पुटपुटला, "लोक काय म्हणतील? एवढा गाजावाजा केला." आणि म्हणाला, "बघू. पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार आला आणि गेला. असे किती आले, किती गेले.

त्याला झटका आला तो भरदिवसा, बेकरीत, गिऱ्हाइकाला पाव बांधून देताना. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. बेकरीतल्या कामगारांनी उचलून वर आणले. जुन्या भट्टीवाल्याने कोणालाही न विचारता मुलीला निरोप धाडला. ती आली. हातात एक पिशवी होती. या वेळी ती उंबरा ओलांडून आत आली, पदर खोचला आणि कामाला लागली.

मित्रांनो, तिच्या सेवेत बोट ठेवायला जागा नव्हती. वेळच्या वेळी कूस बदलायची, पाठ पुसायची, चमच्याने भरवायची, हनुवटी टिपायची. कित्येक महिने अंथरुणावर राहूनही त्याच्या पाठीला एक जखम झाली नाही. पण ती त्याच्याशी बोलत नसे. "तोंड उघडा." "वळा." "झालं." यापलीकडे शब्द नाही. दवाखान्यातल्या अनोळखी माणसाशी ती याहून जास्त बोलत असेल.

आणि तो? त्याला आता बोलायचे होते. अनेक वर्षे जीभ चालत होती तेव्हा जे आज नाही उद्या म्हणून ठेवले, ते आता त्याच्या घशात येऊन अडकले होते. तो डावा हात उचलायचा. माझ्याकडे बोट करायचा. मग तिच्याकडे करायचा. मग अंगावरची चादर मुठीत धरून ओढायचा. पेटी, तू, चादर. पुन्हा पुन्हा. तोंडातून नुसता घरघर आवाज. मला लख्ख कळत होते तो काय म्हणतोय. पेटी द्यायला हवी होती. मला चादरीत पूर. मला क्षमा कर.

मुलीला वाटायचे, चादर ओली झाली. ती निमूटपणे चादर बदलायची. तो पुन्हा ओढायचा, ती पुन्हा तपासायची, कोरडी असली तरी बदलायची, कारण ती चांगली नर्स होती. दिवसात किती चादरी बदलल्या असतील! एकदा तिने पाटी-पेन्सिल आणून त्याच्या डाव्या हातात दिली. नुसत्या वाकड्या रेघा उमटल्या. तिने पाटी पुसली आणि पुन्हा दिली नाही.

पाळक आले. त्यांच्यासमोरही त्याने तेच केले. पेटी, मुलगी, चादर. पाळकांनी त्याचा हात धरला आणि समजुतीने सांगितले, "काळजी करू नका. तुमची पेटी, तुमचा दगड, तुमची गीतं, सगळं तुम्ही ठरवलंय तसंच होईल. मुलगी बघेल सगळं." मुलगी त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "हो. यांना यांच्या पेटीतच ठेवू."

तेव्हा त्याने डोळे मिटले आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाळकांना वाटले, समाधानाचे अश्रू आहेत. त्यांनी शांतीसाठी प्रार्थना केली. आयुष्यभर त्याने पेटी-पेटीच केली होती, मग शेवटी तो आणखी काही म्हणत असेल, हे कोणाच्या मनात येणार? स्वतःच्या तयारीनेच त्याचे तोंड बंद केले होते.

तो गेला तेव्हा सकाळ होती. मुलगी खिडकीपाशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मागे वळून पाहिले तर संपलेले होते. आईच्या वेळी ती नव्हती. या वेळी ती होती, पण पाठ फिरवून होती.

थोड्या वेळात मंडळी जमली. पंच आले. चार जण पुढे होऊन माझ्या कड्यांना हात घालू लागले. माझा क्षण आला, असे मला वाटले.

"थांबा. पेटी नको," मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने नुकतीच घडी घातलेली एक चादर उचलली. "माझ्या नवऱ्याला जे पुरलं, ते यांनाही पुरेल."

एक वृद्ध पंच कळवळून म्हणाले, "अगं, असं करू नकोस. बापाची शेवटची इच्छा आहे ती."

"माझ्या नवऱ्याचीही काही इच्छा असेल. ती विचारायला कोण आलं होतं?"

कड्यांवरचे हात सुटले. पाळकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पुढे होऊन चादरीचे दुसरे टोक धरले. अशा रीतीने माझा मालक, ज्याच्या तयारीचे दाखले मुलांना दिले जात होते, चादरीत गुंडाळला जाऊन त्या कोरलेल्या दगडाखाली गेला. गावभर चर्चा झाली की पोरीने बापावर सूड उगवला.

सूडच होता तो. मी तिचा चेहरा पाहिला आहे, खोटे का बोलू? पण त्याला नेमके तेच हवे होते. तिने त्याची शेवटची इच्छा तंतोतंत पुरी केली, आणि ते तिला ठाऊक नाही. ती पुरी करताना तिच्या मनात विष होते. आणि तो गेला तेव्हा, आपले म्हणणे कोणालाच कळले नाही, असे समजून गेला.

मुलीने मला चर्चला दिले. सुताराने झाकणाला बिजागऱ्या लावल्या. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांना मी कबरीपर्यंत नेते, तिथे त्यांना चादरीसकट उतरवून घेतात आणि मी रिकामी परत येते. धोबीण गेली तेव्हा मी होते. रस्त्यावर सापडलेला एक अनोळखी माणूस मी नेला. एकदा एक तान्हे मूल नेले, आणि माझ्यात एवढी जागा रिकामी राहिली की मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाजी विकणारी एक म्हातारी होती. तिने मरणाची कसलीही तयारी केली नव्हती, कफनसुद्धा शेजाऱ्यांनी आणले. पण तिच्या कबरीपाशी जो तो आपापली गोष्ट सांगत होता, भांडणाची सुद्धा, आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी तीच समेटासाठी दार ठोठावत आली होती. आजवर पोचवलेल्यांमध्ये तिच्याइतकी तयार बाई मी पाहिली नाही.

मुलगी आता म्हातारी झाली आहे. अलीकडेच ती इथे आली होती, या पत्र्याच्या खोलीत, पाळकांबरोबर. पाळक तर फारच थकले आहेत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मलाही आता जायचंय. पप्पा समोर येतील. काय सांगू त्यांना?"

"देवाकडे क्षमा मागितलीस ना?" पाळकांनी विचारले.

"रोज मागते. देव देतो म्हणतात. पण पप्पांकडे कशी मागू? त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही."

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडले. माफी मागत होता तो, बाई! पेटी, तू, चादर! पण लाकडाचे ओरडणे ते काय? उन्हाने फळी कुरकुरली, असे त्यांना वाटले. पाळक म्हणाले की जे ओठांतून बाहेर पडले नाही तेही देवाच्या कानी पडते, आणि तिथे सगळ्यांना सगळे कळेल. तसे असेल तर किती बरे! मी देवाच्या घराच्या मागे राहते, मला त्यावर विश्वास ठेवायचा आहे. पण त्या बाईची इथली सारी वर्षे त्याविना गेली, ती कोण परत देणार?

जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवतात. मला तेल नको, पॉलिश नको. माझे झाकण फुगले आहे, फुगू द्या. तुम्ही लहान आहात, मरण तुम्हाला फार लांबचे वाटत असेल. माझ्या मालकालाही ते लांबचेच वाटत होते, तेही मी त्याच्या उशाशी असताना. ज्याच्याशी तुमचा अबोला असेल त्याच्या दारी आज जा. थंडी असू दे, ऊन असू दे, गुडघा दुखू दे. तोंड वेडेवाकडे झाले, शब्द चुकले, तरी चालेल. जीभ हलते आहे तोवर बोलून टाका. देवापुढे उभे राहायची याहून मोठी तयारी मला तरी माहीत नाही.

बाहेर हातगाडीची चाके वाजत आहेत. कोणीतरी खोलीचे कुलूप काढत आहे. मला न्यायला आले आहेत. कोण गेले, मला माहीत नाही. त्याचे सगळ्यांशी बोलून झाले होते का, एवढेच मला विचारायचे आहे. पण ते आता त्याला विचारून उपयोग नाही.